केशोरावांची जबानी

पिपरटोल्याचे केशोराव कटरे पंधरा वर्षं सरपंच होते. कोणी काम घेऊन आलं की ते अंगणात खाटेवर बसून राहत आणि समोरच्याला उभं ठेवत. सरपंचकी गेली तरी सवय गेली नव्हती. पण २००५ साली त्यांचं त्यांनाच बसणं जमेनासं झालं. दोन मांड्यांच्या मधे, अगदी खोल, कोणी निखारा ठेवून दिल्यासारखं दुखायचं. लघवीला जळजळ व्हायची, थेंब थेंब व्हायची, आणि होऊन गेली तरी झाल्यासारखी वाटायची नाही. ट्रॅक्टरवर उशी लागायला लागली. लग्नाच्या पंगतीत बसायची वेळ आली की 'आज उपास आहे' म्हणून केशोराव मांडवात उभेच राहत.

दुखणं अशा ठिकाणचं की सांगायची सोय नाही. बायकोला, शामकलाबाईंना, त्यांनी दीड वर्ष 'कंबर धरली' एवढंच सांगितलं. सडक अर्जुनीच्या औषध दुकानातून गोळ्या आणल्या. दरेकशाकडच्या एका वैदूनं दिलेली मुळी उगाळून प्यायले. शेवटी मुलानं, ओमेशनं, गोंदियाला नेऊन सोनोग्राफी करवली, तेव्हा प्रोस्टेट सुजलेली निघाली. ओमेश गोंदियातच मास्तर होता. त्यानं चार ठिकाणी विचारून एका सर्जनकडे नंबर लावला. डॉक्टरचं आडनाव मात्र त्यानं बापाला मुद्दाम सांगितलं नाही.

तपासणीच्या खोलीत शिरल्यावर केशोरावांनी आधी भिंत पाहिली. तिथं बाबासाहेबांचा फोटो होता, शेजारी बुद्ध. मग त्यांनी खुर्चीतल्या माणसाकडे पाहिलं. रुंद कपाळ, जाड भुवया. हा चेहरा त्यांनी स्वतःच्या बांधावर वीस वर्षं पाहिला होता.

"तू शालीकरामचा पोरगा ना बे?"

"हो. डॉक्टर बुद्धभूषण मेश्राम. बसा."

"बसता येत असतं तं तुयाकडं आलो असतो का?"

शालीकराम केशोरावांचा सालदार होता. त्याचा मुलगा शिकायला नागपूरला गेला, मग कोणत्यातरी सरकारी दवाखान्यात लागला, एवढं गावाला माहीत होतं. तो गोंदियात स्वतःचा दवाखाना टाकून बसला आहे हे केशोरावांच्या कानावर आलं नव्हतं, की त्यांनी येऊ दिलं नव्हतं.

डॉक्टरनं बापाचं नाव निघाल्याचं काही दाखवलं नाही. किती दिवसांपासून दुखतं, ताप येतो का, लघवीत रक्त दिसलं का, सगळं विचारून लिहून घेतलं. मग कागदावर एक चित्र काढलं.

"लघवीच्या पिशवीखाली आवळ्याएवढी ग्रंथी असते. तुमची जुनी सूज आहे. आत जंतू आहेत की नाहीत, असतील तर कोणते, हे लघवीवरून नीट कळत नाही. ग्रंथीतला स्राव काढून तपासावा लागतो."

"काढते कसा?"

"गुदद्वारातून बोट घालून. हातमोजा घालतो, जेली लावतो. पुढच्या बाजूला ग्रंथी बोटाला लागते. ती हळूहळू चोळली की स्राव पुढून बाहेर येतो, तो काचेवर घ्यायचा. जुन्या दुखण्यात औषधाबरोबर आठवड्यातून दोनदा असा मसाज केला तर काहींना आराम पडतो. सगळ्यांना नाही. पुष्कळ डॉक्टरांनी आता ते सोडून दिलं आहे. मी आधी तपासणी करीन, मग ठरवीन."

केशोरावांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"तू मले हात लावशील? तेथी?"

"मीच. इथं दुसरं कोणी नाही."

"तुया बापानं माया घराचा उंबरठा नाई ओलांडला कधी."

डॉक्टरनं पेनाला टोपण लावलं. "ओलांडू दिला नाही म्हणा. वाक्य नीट बोला. तपासायचं असेल तर पडद्यामागं जा. नसेल तर बाहेर रांग आहे."

ओमेश मधे काही बोलणार तोच केशोराव खोलीबाहेर पडले होते. परतीच्या वाटेवर जीपमध्ये ते मागच्या सीटवर आडवे झाले आणि गाव येईपर्यंत मुलाला शिव्या देत राहिले.

पंधरा दिवसांनी त्यांनी आपला मार्ग शोधला. सडक अर्जुनीला हायवेवर, ट्रक थांबतात त्या ढाब्याच्या मागं एक लॉज होतं. तिथल्या खालच्या खोलीत मुन्नालाल नावाचा माणूस बसायचा. दारावर पाटी होती, 'पुरुषों की हर गुप्त बीमारी का इलाज, बिना ऑपरेशन'. केशोरावांनी त्याला आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. तो परका होता, उद्या गावात भेटणार नव्हता, एवढं त्यांना पुरलं.

"सेठ, मालिश का काम है," मुन्नालाल म्हणाला. "तीन बैठक में आदमी घोडे जैसा दौडेगा."

जे डॉक्टर करणार होता तेच मुन्नालालनं केलं, फक्त हातमोजा नव्हता, जेलीच्या जागी मोहरीचं तेल होतं, आणि ताप आहे का हे विचारणारं कोणी नव्हतं. केशोरावांनी उशीत तोंड खुपसून दात आवळले. पण नवल म्हणजे त्यानंतर तीन दिवस दुखणं निम्म्यावर आलं. केशोराव पानठेल्यावर जाऊन उभे राहिले, हसले, एकाच्या पाठीत थापही मारली. तिथं छोटेलाल शेंडे होता. हा गावचाच, ट्रक चालवायचा, सगळ्या निवडणुकांत केशोरावांच्या मागं उभा राहिलेला माणूस. दिवसभर बसून त्यालाही तसलाच त्रास होता, आणि तोही 'कंबर' म्हणूनच सांगायचा. केशोरावांना त्याची कंबर बरोबर कळली.

"सडक अर्जुनीले एक मालीशवाला हाये," ते त्याच्या कानाशी लागून म्हणाले. "जाऊन ये. मले तं आराम पडला."

दुसऱ्या बैठकीनंतर धोतराला रक्ताचा डाग दिसला. तिसऱ्या बैठकीच्या दिवशी केशोरावांना सकाळपासून कणकण होती. मुन्नालालनं कपाळाला हात लावून पाहिला आणि तो खूश झाला.

"बुखार मतलब गंदगी निकल रही है. आज जोर से करना पडेगा."

त्यानं जोर लावला. केशोराव ओरडले ते बाहेर ढाब्यावर ऐकू गेलं असावं, पण ढाब्यावर गाणी लागलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना अशी थंडी भरली की खाटेचे पाय जमिनीवर वाजायला लागले. लघवी पार बंद झाली. ओटीपोट फुगून टणक झालं. शामकलाबाईंनी दोन गोधड्या टाकल्या, आणि बडबडता बडबडता नवऱ्याच्या तोंडून लॉज, मुन्नालाल, तेल, सगळं बाहेर आलं.

"कंबर म्हणे!" शामकलाबाई ओरडल्या. "दीड वरीस मी तुमची कंबर शेकून राहिली! बाईजवळ बोलाची लाज, अन् रस्त्यावरच्या माणसाजवळ लाज नाई?"

ओमेशनं जीप सरळ गोंदियाला डॉक्टर मेश्रामांच्या दारात नेली. पाटी दिसल्यावर केशोराव तेवढ्या तापातही पुटपुटले, "एथी नको."

"चूप राहा," शामकलाबाई म्हणाल्या. "मराले टेकला अन् जात पाहून राहिला."

डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, नाडी पाहिली आणि एकच विचारलं, "कोणी चोळलं?" शामकलाबाईंनी सांगून टाकलं.

"ग्रंथीत पू झाला होता," डॉक्टर ओमेशला म्हणाला. "अशा वेळी तिला हातही लावायचा नसतो. त्या माणसानं तो पू चोळून चोळून रक्तात घातला. वाचतील की नाही ते आज सांगता येणार नाही."

सुजलेली ग्रंथी दुखावू नये म्हणून त्यानं खालून नळी घातली नाही. बेंबीखाली जागा बधिर करून पोटातून लघवीच्या पिशवीत नळी सोडली आणि दोन्ही हातांना सलाईन लावलं. दोन दिवस केशोरावांचा रक्तदाब वर येईना. तिसऱ्या दिवशी ताप उतरणीला लागला. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले तेव्हा डॉक्टर नळीची पिशवी तपासत होता.

"तू मले मरू देला असता तं कोणाले समजलं नसतं," केशोराव म्हणाले.

"तसा विचार आला होता."

केशोरावांना असं उत्तर अपेक्षित नव्हतं.

"खोटं कशाला सांगू? आला होता." डॉक्टरचा आवाज चढलाही नाही. "शहाऐंशी साली मेडिकलला माझा नंबर लागला. रहिवासी दाखल्यावर तुमची सही पाहिजे होती. माझा बाप नऊ दिवस तुमच्या अंगणात उभा राहिला. दहाव्या दिवशी तुम्ही त्याच्याकडून गुरांचा कोठा साफ करून घेतला आणि मग सही केली. बाप ही गोष्ट हसत सांगायचा, पोराचं काम झालं म्हणून. मला हसू येत नाही. विचार आला, आणि मी तुमचं सलाईन वाढवलं. बरे व्हा आणि इथून चालते व्हा, एवढंच मला पाहिजे."

केशोरावांनी आठवायचा प्रयत्न केला. त्यांना शहाऐंशी साल आठवलं, कोठाही आठवला, पण दाखल्यासाठी उभा असलेला शालीकराम काही केल्या आठवेना. त्या अंगणात इतकी माणसं उभी राहून गेली होती. ते न आठवणंच त्यांना त्या घडीला पोटातल्या नळीहून जास्त टोचलं, आणि टोचलं म्हणून त्यांना राग आला.

"दाखला देला होता ना पण?" ते म्हणाले.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेला.

अकराव्या दिवशी सुटी मिळाली. महिनाभराच्या गोळ्या लिहून देताना डॉक्टरनं ओमेशला बाहेर पाठवलं.

"तुमच्याआधी त्या लॉजवरून माझ्याकडे दोघं आले. एक ट्रकचा क्लीनर होता, तो गेला. घरच्यांनी लाजेखातर तक्रार केली नाही. तुम्ही करा. तुमचं नाव आहे, ठाण्यात तुमचं ऐकतील."

"म्हणजे जिल्हाभर सांगत फिरू, कोणी कोठी बोट घातलं ते?"

"हो."

"तुले मजा वाटून राहिली ना?"

"थोडी," डॉक्टर म्हणाला. "पण तक्रार त्यासाठी नाही. तो माणूस रोज दार उघडून बसतो आहे."

केशोरावांनी कागद उचलला आणि तोंड फिरवलं.

गावात त्यांनी 'पोटात गोळा झाला होता, नागपूरला काढला' असं सांगितलं. नागपूर सांगण्यात मान होता. छोटेलालच्या घरावरून ते रोज जात. छोटेलाल ओट्यावर दिसला की त्यांचं तोंड उघडायचं, 'काय म्हणता भाऊ' एवढं बाहेर पडायचं आणि मिटायचं. त्याला सांगायचं म्हणजे स्वतःचं सांगायचं. तो कदाचित गेलाही नसेल, त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. असे पाच आठवडे गेले.

एका सकाळी छोटेलालची बायको नंदाबाई शामकलाबाईंकडे आली. केशोराव आतल्या खोलीत होते.

"भावजी आमच्या ह्याईले काऊन नाई समजावत?" ती म्हणत होती. "काल सांजपासून अंगात थंडी ताप, अन् आज पुन्हा त्या मालीशवाल्याकडं गेले. केशोरावभाऊनंच सांगतलं म्हणते, मंग चांगलंच असंल म्हणते."

केशोराव बाहेर आले ते जीपची किल्ली घेऊनच. नंदाबाईनं काही विचारायच्या आत जीप गावाबाहेर गेली होती.

लॉजच्या खोलीला आतून कडी होती. त्यांनी लाथ घातली. दुसऱ्या लाथेला कडी निघाली. छोटेलाल चटईवर पालथा पडला होता, अंग थडथड उडत होतं, आणि मुन्नालाल हाताला तेल चोपडत बसला होता.

"अरे सेठ! आपको तो आराम मिला था."

केशोरावांनी त्याची गचांडी धरून त्याला ओढत ढाब्याच्या उजेडात आणलं. ट्रकवाले भाकरी सोडून उठले. कोणी म्हणालं, काय झालं भाऊ, काऊन मारून राहिला त्याले.

"ह्यानं माया ढुंगणात बोट घालून मले मारलं असतं!" केशोराव ओरडले. "पंधरा वरीस सरपंच होतो मी पिपरटोल्याचा. केशोराव कटरे. अंगात ताप असताना चोळलं ह्यानं. मी मरता मरता वाचलो. तुमच्यापैकी कोण कोण आला ह्याच्याकडं? बोला ना! लाज वाटते?"

दोघांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात मुन्नालाल सदरा फाडून निसटला आणि रस्त्यापलीकडच्या शेतांच्या धुऱ्यांवरून पळत सुटला. केशोरावांना त्याच्यामागं धावायला वेळ नव्हता. त्यांनी दोन ट्रकवाल्यांच्या मदतीनं छोटेलालला जीपमध्ये घातलं.

गोंदियाला डॉक्टरनं छोटेलालला पाहिलं आणि मग केशोरावांकडे पाहिलं.

"याला कोणी पाठवलं?"

"मीनं."

डॉक्टर छोटेलालची नाडी पाहायला वळला. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं असं केशोरावांना वाटलं.

छोटेलालच्या ग्रंथीत गळू झालं होतं, ते ऑपरेशन करून फोडावं लागलं. बावीस दिवस तो दवाखान्यात होता. तो शुद्धीवर आल्यावर केशोराव खाटेजवळ गेले तेव्हा त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

"तुमाले मालूम होतं," तो म्हणाला. "पाच हप्ते मालूम होतं. रोज माया घरावरून जाऊन राहिले होते."

त्यानंतर छोटेलाल त्यांच्याशी कधी बोलला नाही, घरी परतल्यावरही नाही.

छोटेलालला भरती केलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी केशोराव ठाण्यात गेले. डॉक्टरलाही कागद घेऊन बोलावलं होतं. एकाच बाकाच्या दोन टोकांना दोघं, एकमेकांकडे न बघता. जबानी लिहून घेणारा हवालदार तरुण होता आणि मिशीआड हसू दाबत होता.

"दुखापत कोणत्या ठिकाणी झाली, काका? नाजूक जागी, असं लिहू?"

"नाजूक काऊन? तुयी हाये का? गुदद्वार लिही."

हवालदाराचं पेन अडलं. "कसं लिहितात ते?"

"ग ला पहिला उकार," बाकाच्या दुसऱ्या टोकावरून डॉक्टर म्हणाला. "मग द. मग द आणि व जोडून, त्याला काना. मग र."

हवालदारानं लिहिलं. "तुम्ही स्वतःहून गेले होते ना? तुमची परवानगी होती?"

"होती. लाजेपायी देली. लाजेपायी, तेही लिही." केशोरावांचा आवाज ठाण्याच्या अंगणापर्यंत जात होता, पलीकडे दोन माणसं ऐकत उभी राहिली होती. "गोंदियातला शिकलेला डॉक्टर हातमोजा घालून तपासत होता, त्याले मी जातीवरून नाई म्हटलं अन् ह्या हरामखोराकडं गेलो. लिही. छोटेलाल शेंडेले मीनंच पाठवलं. मी वाचलो, समजलं, तरी पाच हप्ते तोंड उघडलं नाई. लिही ना, थांबला काऊन?"

"काका, तुमच्याविरुद्धचं कशाला लिहू? तक्रार तर त्याच्याविरुद्ध आहे."

"तू लिही!"

हवालदाराचं हसू गेलं होतं. त्यानं सगळं लिहिलं, वाचून दाखवलं, केशोरावांनी सही केली. डॉक्टरनं आपले कागद जोडले आणि तो निघून गेला. 'बरं केलं' असं तो म्हणेल असं केशोरावांना क्षणभर वाटलं होतं. तो नाही म्हणाला.

मुन्नालाल चौथ्या दिवशी रायपूरकडे जाणाऱ्या बसमध्ये सापडला. लॉजची खोली बंद झाली, खटला पुढं रेंगाळत राहिला. गावात मात्र जबानी त्याच संध्याकाळी पोचली होती, होती त्यापेक्षा तिखटमीठ लावून. पानठेल्यावर केशोराव आले की कोणीतरी एक बोट वर करायचा आणि बाकीचे खोकायचे. केशोराव त्यांना आई-बहिणीवरून शिव्या द्यायचे. शामकलाबाईंनी एकदा म्हटलं, "जाऊ द्या, हसतीन दोन महिने." ते दोन वर्षं हसले.

जंतू मेल्यावर, ताप पूर्ण गेल्यावर दुखणं थोडं उरलं. मग केशोराव स्वतःच गोंदियाला गेले, पडद्यामागं जाऊन भिंतीकडे तोंड करून कुशीवर झाले. "श्वास सोडा," डॉक्टर म्हणायचा. केशोराव सोडायचे. मिनिटभराचं काम. काच तपासायला जायची. आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे. त्या सगळ्या फेऱ्यांत दोघं याखेरीज फारसं काही बोलले नाहीत. केशोराव त्याला अजून 'तू' म्हणत, आणि तो त्यांना खुर्ची दाखवत नसे. सहा आठवड्यांनी दुखणं बरंचसं गेलं, थोडं राहिलं. मसाजानं गेलं की औषधानं, ते मला सांगता येणार नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं.

आणि मग माणसं यायला लागली. आजूबाजूच्या गावांतून, एकेकटी, भर दुपारी रस्त्यावर कोणी नसताना. कोणी म्हातारं, कोणी चाळिशीतलं. कवाडाशी घुटमळायची आणि 'कंबर दुखून राहिली जी' म्हणून सुरुवात करायची. केशोराव त्यांच्यावर खेकसायचे, नीट सांग म्हणायचे, कुठं दुखतं, लघवी कशी होते, ते अंगणात उभ्या उभ्या वदवून घ्यायचे आणि गोंदियाचा पत्ता द्यायचे.

एकदा केवलराम नावाचा शेजारच्या गावचा माणूस आला. त्यांच्याच नात्यातला, चांगल्या जमीनजुमल्याचा. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं आवाज खाली केला.

"तो डॉक्टर त्याईच्यातला हाये म्हणते. दुसरा कोणी नाई का?"

"तुले ताप हाये का?" केशोरावांनी विचारलं.

"मी काय विचारून राहिलो, तुमी काय..."

"ताप हाये का नाई, ते सांग आधी."

केवलरामनं स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला. "थोडा वाटते."

"मंग आज जा. आत्ताच. कोणाले चोळू देऊ नको, डॉक्टरले सांग ताप हाये म्हणून. अन् नाई जायचं तं माया अंगणात उभा राहू नको."

केवलराम रागारागानं चप्पल वाजवत निघून गेला. तो गोंदियाच्या रस्त्याला लागला की आपल्या गावाच्या, हे पाहायला केशोराव कवाडापर्यंत गेले, पण वळणावर बैलगाडी आडवी होती आणि त्यांना काही दिसलं नाही.